हापसा बंद पडल्यावर कोण येणार? परदेशी मदतीच्या कार्यक्रमांनी शिकवलेले काही धडे

मराठवाडा, सोलापूर किंवा विदर्भातल्या गावात लहानपण गेलेल्या माणसाला हापसा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सिमेंटच्या ओट्यात तीन पाय रोवून उभा असलेला लोखंडी खांब, त्यावरची चौकोनी पेटी, लांब दांडा आणि समोर रांगेत ठेवलेल्या घागरी हे दृश्य आपल्या इतके ओळखीचे आहे, की त्या यंत्राला काही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. हाच हापसा आज युगांडा, घाना, माली, सुदान अशा अनेक देशांत उभा आहे, ‘इंडिया मार्क टू’ या नावाने तो जगभर ओळखला जातो आणि त्याच्या जन्मकथेतले दोन महत्त्वाचे टप्पे जालना आणि सोलापूर येथे घडले आहेत.

आंतरराष्ट्रीय विकास आणि मदतीचे कार्यक्रम का यशस्वी होतात आणि त्याहून अधिक वेळा का फसतात, हा विषय अहवालांच्या भाषेत वाचला तर रुक्ष आणि अवघड वाटतो. तो समजून घेण्यासाठी मला हापशाइतके चांगले उदाहरण दुसरे दिसत नाही. गेल्या सहा दशकांत या एका यंत्राभोवती मदतकार्याच्या जवळजवळ सगळ्या चुका घडल्या, त्यांतल्या काही दुरुस्त झाल्या आणि काही अजूनही तशाच्या तशा पुन्हा होत आहेत.

पैसे देणारा एक, पाणी पिणारा दुसरा

आधी मदतीची रचना समजून घेऊ. एखाद्या श्रीमंत देशाचे सरकार, जागतिक बँकेसारखी संस्था, संयुक्त राष्ट्रांची युनिसेफसारखी शाखा किंवा देणग्या गोळा करणारी स्वयंसेवी संस्था पैसे देते. ते पैसे गरीब देशाच्या सरकारी खात्याकडे किंवा काम करणाऱ्या संस्थेकडे जातात, तिथून ठेकेदाराकडे आणि शेवटी वस्तूच्या किंवा सेवेच्या रूपाने गावात पोहोचतात. या साखळीत एक मूलभूत अडचण आहे. आपण बाजारातून मोटार विकत घेतली आणि ती आठ दिवसांत जळाली, तर आपण दुकानात जाऊन भांडतो, कारण पैसे आपले असतात. मदतीच्या व्यवहारात पैसे देणारा वॉशिंग्टनमध्ये किंवा स्टॉकहोममध्ये असतो आणि पाणी पिणारा माणूस एखाद्या वाडीवर. वाडीवरच्या माणसाची तक्रार देणाऱ्यापर्यंत पोहोचण्याची वाट नसते, आणि देणाऱ्याला जे कळते ते मधल्या यंत्रणेने लिहिलेल्या अहवालातून कळते.

अहवालात काय लिहिले जाते? जे मोजायला सोपे असते ते. किती बोअर खोदले, किती पंप बसवले, किती गावे ‘पूर्ण’ झाली. कार्यक्रमाची मुदत साधारणपणे तीन ते पाच वर्षांची असते, आणि पंप बसवल्याच्या दिवशी चालतोच. तो दोन वर्षांनी चालतो का, याचे उत्तर मिळेपर्यंत पैसे खर्च झालेले असतात, अधिकाऱ्यांच्या बदल्या झालेल्या असतात आणि अहवाल कपाटात गेलेला असतो. यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. मन लावून काम करणारी माणसेसुद्धा या रचनेत सापडतात.

बिडाचा पंप का मोडला

1966–67 साली बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि देशाच्या इतर भागांतही पाण्याची टंचाई होती. दख्खनच्या पठारावरचा काळा कातळ किंवा दक्षिणेतला ग्रॅनाइट फोडून विहीर खणणे म्हणजे सुरुंग लावत महिनोन्महिने चालणारे काम. त्या काळात दाबलेल्या हवेवर चालणारी नवी छिद्रणयंत्रे युनिसेफच्या मदतीने भारतात आली, आणि ज्या कातळात विहिरीला एक-दोन हंगाम लागत तिथे एक-दोन दिवसांत बोअर होऊ लागला. हा बदल खरोखरच मोठा होता. साठीच्या दशकाच्या अखेरीपासून कठीण खडकाच्या प्रदेशात हजारो बोअर झाले आणि प्रत्येकावर एक हातपंप बसवला गेला.

मात्र 1974च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली तेव्हा कळले, की त्या पंपांपैकी साधारण चारातले तीन बंद होते. म्हणजे महागडी यंत्रे आणून कातळ फोडला, पाणी लागले, आणि तरीही बायका पुन्हा जुन्या आडावर किंवा ओढ्यातल्या झिऱ्यावर जात होत्या.

कारण साध्या हिशेबात दडलेले होते. त्या वेळी बसवले जाणारे पंप बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे होते, आणि त्यांचा आराखडा युरोप-अमेरिकेतल्या घरगुती पंपांवरून घेतलेला होता. शेतघरातल्या एका कुटुंबाने दिवसातून काही वेळा वापरावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. आपल्याकडे सरकारी निकष पुढे 250 माणसांमागे एक हापसा आणि माणशी रोज 40 लिटर असा ठरला. त्याप्रमाणे एका हापशाने दिवसाला 10,000 लिटर पाणी द्यायला हवे. मिनिटाला बारा ते पंधरा लिटर पाणी येते असे धरले, तरी तो रोज अकरा ते चौदा तास अखंड चालला पाहिजे. घरगुती वापराच्या यंत्राच्या माथी गिरणीचे काम मारल्यावर त्याच्या खिळी झिजल्या, दांडा डगमगू लागला, बीड तडकले आणि पंप बंद पडला.

तरीही त्या काळी ‘गावकरी नीट वापरत नाहीत’, ‘पोरे दांड्याशी खेळतात’, ‘लोकांना आपलेपणा वाटत नाही’ अशी कारणे सहज दिली जात, आणि जगभरच्या मदतकार्यांत ती आजही दिली जातात. अशा वेळी दोष वापरणाऱ्यांचा आहे की वस्तूचा, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा, आणि माझ्या मते त्याचे पहिले उत्तर वस्तूत शोधायला हवे.

जालना, सोलापूर, कोइमतूर

सुधारणेची सुरुवात दिल्लीत किंवा न्यूयॉर्कमध्ये झाली नाही. जालन्याला स्कॉटलंडच्या चर्चच्या मिशनचे बोअर खोदण्याचे काम चालत असे. जे लोक गावोगाव बोअर खोदत, त्यांनाच मोडलेल्या पंपांच्या तक्रारी ऐकाव्या लागत. बिडाच्या वरच्या भागाऐवजी जोडकाम केलेल्या पोलादाचा, कमी सांध्यांचा पंप त्यांनी तयार केला, आणि तो ‘जालना पंप’ म्हणून ओळखला जाऊ लागला. सोलापूरच्या कार्यशाळेत त्यात पुढची सुधारणा झाली. दांड्याच्या टोकाला वर्तुळाचा चतुर्थांश भाग बसवून त्यावरून साखळी सोडली गेली आणि त्या साखळीला खाली जाणारी सळई अडकवली गेली.

ही साखळी वरवर किरकोळ वाटते, म्हणून तिचे काम थोडे विस्ताराने सांगतो. हापशाच्या पाइपात खोलवर एक सिलिंडर असतो आणि त्यात वर-खाली होणारा दट्ट्या असतो. आपण दांडा खाली दाबला की सळई वर ओढली जाते, दट्ट्यावरचे पाणी वर चढते आणि तळाची झडप उघडून नवे पाणी सिलिंडरमध्ये येते. दांडा वर सोडला की दट्ट्या खाली जातो, तळाची झडप मिटते, दट्ट्यातली झडप उघडते आणि खालचे पाणी दट्ट्याच्या वर येते. जुन्या पंपांत दांड्याचे टोक कमानीसारखे फिरत असल्याने सळई तिरकी खेचली जाई आणि प्रत्येक हिसक्याला सांधे झिजत. साखळी मात्र त्या वर्तुळाकार भागावरून नेहमी सरळ उभीच सुटते, त्यामुळे सळई ओळंब्यात राहते. साखळीने ढकलता येत नाही, फक्त ओढता येते. खोल बोअरमधली सळई स्वतःच्या वजनानेच खाली जाते, त्यामुळे तिला ढकलण्याची गरजही पडत नाही.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी नवा पंप घडवण्याचे ठरवले, तेव्हा त्यांनी कोऱ्या कागदापासून सुरुवात केली नाही. त्यांनी तेव्हा चालू असलेल्या पंपांतला सर्वांत टिकाऊ पंप शोधला. तो सोलापूरचा निघाला आणि तोच पाया धरला गेला. रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी मालकीच्या कंपनीचा मद्रासचा कारखाना उत्पादनासाठी निवडला गेला. नमुन्याच्या पंपांची चाचणी कोइमतूरच्या परिसरात झाली, कारण तिथे पाणी खोल होते आणि वापर प्रचंड होता. जिथे पंप मोडण्याची शक्यता सर्वांत जास्त, तिथेच तो तपासायचा हा निर्णय मला या सगळ्या कथेतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. कितीतरी कार्यक्रमांचे नमुने सोयीच्या, रस्त्यालगतच्या, कर्तबगार सरपंच असलेल्या गावात तपासले जातात, तिथे ते यशस्वी होतात आणि मग दुर्गम भागात गेल्यावर कोलमडतात.

हाच नवा पंप म्हणजे ‘इंडिया मार्क टू’. त्याचे पेटंट घेतले गेले नाही. आराखडा खुला ठेवला गेला, 1979 साली त्याचे भारतीय मानक प्रसिद्ध झाले आणि अनेक कारखान्यांना तो बनवण्याची मुभा मिळाली. खुल्या आराखड्यामुळे किंमत कमी राहिली आणि सुटे भाग एकमेकांना बसू लागले. अनेक हातांनी बनणाऱ्या वस्तूचा दर्जा घसरण्याचा धोकाही त्याच कारणाने वाढला. त्यावर उपाय म्हणून माल कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच त्रयस्थ संस्थेकडून तपासून घेण्याची पद्धत युनिसेफने बसवली. उद्घाटनाच्या छायाचित्रात हे तपासणीचे काम कधी दिसत नाही, पण त्याच्याशिवाय हा पंप देशभर टिकला नसता. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभरात असे सुमारे 50 लाख पंप बसवले गेले होते. नारूच्या रोगाचे उच्चाटन हे त्याचे एक ठळक फळ होते. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून भरलेल्या पाण्यातून पसरणारा हा रोग बंदिस्त बोअरच्या पाण्यातून पसरत नाही. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 साली नोंदवला गेला आणि 2000 साली देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्यात औषधोपचार, पाणी गाळून पिण्याचा प्रचार आणि गावोगावच्या पाहण्या यांचाही वाटा होता, पण सुरक्षित पाण्याचा वाटा मोठा होता.

यंत्र टिकले, तरी पंप बंदच

चांगल्या यंत्राचाही वॉशर झिजतो, पाइपाला भोक पडते, साखळी तुटते. मग कोणी यायचे? तमिळनाडूत सत्तरच्या दशकात तीन पातळ्यांची व्यवस्था उभी राहिली. गावात एक काळजीवाहक, तालुक्याच्या पातळीवर एक मेकॅनिक आणि मोठ्या दुरुस्तीसाठी गाडी घेऊन फिरणारे जिल्ह्याचे पथक. काळजीवाहकाकडे पत्ता लिहिलेली पोस्टकार्डे दिलेली असत. पंप बिघडला की त्याने ते कार्ड टपालात टाकायचे. इतके साधे साधन, पण वर सांगितलेली तुटलेली वाट त्याने काही प्रमाणात जोडली, कारण वाडीवरच्या माणसाची तक्रार दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावर पोहोचू लागली.

तरी मार्क टूमध्ये एक उणीव होती. खालचा सिलिंडर उघडायचा तर तीस-चाळीस मीटर लोखंडी पाइप भाग भाग करून वर ओढावे लागत. त्यासाठी चार-सहा माणसे, जड अवजारे आणि गाडी लागे, म्हणजे गाव पुन्हा जिल्ह्याच्या पथकावर अवलंबून राही. 1981 ते 1990 हे संयुक्त राष्ट्रांनी पाणी आणि स्वच्छतेचे दशक म्हणून जाहीर केले होते. त्या काळात जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांनी 17 देशांत हातपंपांच्या सुमारे सत्तर प्रकारांची तुलना केली, आणि 1987च्या अहवालात त्यांनी निवडीची कसोटीच बदलली. गावातल्या माणसाला थोड्या अवजारांनी उघडता येईल, सुटे भाग जवळ मिळतील आणि खर्च गावाला झेपेल तो चांगला पंप, अशी ती कसोटी होती. आपल्याकडे त्यातून मार्क थ्री आला. त्याचा उभा पाइप रुंद असल्याने पाइप न उपसता दट्ट्या वर काढता येतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या या स्त्री-शिक्षणाच्या सरकारी कार्यक्रमाखाली स्त्रियांना हापसा दुरुस्तीचे शिक्षण दिले गेले. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. पंप बंद पडला की तीन किलोमीटर चालावे लागते ते कोणाला, हा प्रश्न विचारला तर दुरुस्तीची घाई कोणाला असेल हेही आपोआप कळते. तरीही कित्येक वर्षे पाणी समित्यांच्या बैठकांना पुरुष बसत होते आणि पंपाची जागा तेच ठरवत होते. जागा ठरवणे ही आपल्या समाजात केवळ भूगर्भशास्त्राची बाब कधीच नव्हती. महाडच्या चवदार तळ्याचा 1927 सालचा सत्याग्रह ज्याने वाचला आहे, त्याला हापसा मूळ गावठाणात बसतो की दलित वस्तीत, यावर तो कोणाचा होणार हे ठरते, हे वेगळे सांगायला नको. बाहेरून आलेला तज्ज्ञ पाणी कुठे लागेल एवढे सांगू शकतो. तिथे कोणाला हात लावू दिला जाईल, हे त्याला गावातच विचारावे लागते, आणि तेही एकट्या पाटलाला विचारून भागत नाही.

आफ्रिकेच्या जमिनीत लागलेला गंज

भारतात यशस्वी झालेला हा पंप आफ्रिकेत गेला, तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. मार्क टूचे पाइप जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात. आफ्रिकेतल्या अनेक भागांत भूजल आम्लधर्मी आहे आणि अशा पाण्यात तो मुलामा लवकर विरघळतो. पाइपांना गंज चढतो, पाणी तांबूस येते, भात आणि कपडे डागाळतात, चव बिघडते. पंप चालू असूनही लोक पुन्हा डबक्याकडे वळतात. जागतिक बँकेच्या पश्चिम आफ्रिकेतल्या अभ्यासांनी हे गंजण्याचे कारण 1994 सालीच स्पष्ट मांडले होते, तरी त्यानंतरही कित्येक वर्षे तेच पाइप तशाच जमिनीत उतरवले जात राहिले. ज्ञान उपलब्ध असणे आणि ते खरेदीच्या निविदेत उतरणे यांत फार मोठे अंतर असते. निविदा लिहिणारा अधिकारी मागच्या वर्षीच्या निविदेवरून नवी लिहितो, देणारी संस्था स्वस्त दर पाहते, आणि पाण्याचा सामू, म्हणजे ते किती आम्लधर्मी आहे हे, मोजण्याचे काम कोणाच्याच यादीत नसते.

त्यात देणगीदारांच्या अटींची भर पडली. पूर्वी अनेक देश मदत देताना ‘सामान आमच्याच देशातून घ्या’ असे बंधन घालत, त्यामुळे एकाच देशाच्या निरनिराळ्या जिल्ह्यांत निरनिराळ्या देशांचे पंप उभे राहिले आणि एकाचा वॉशर दुसऱ्याला बसेना. श्रीमंत देशांच्या गटाने 2001 साली अतिगरीब देशांसाठी ही बंधने सैल करण्याची शिफारस केली, आणि 2005च्या पॅरिस जाहीरनाम्यात मदत घेणाऱ्या देशाच्याच व्यवस्थेतून काम करण्याचे तत्त्व मान्य झाले. तत्त्वे मान्य झाल्यानंतरही, 2009 साली ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रातल्या तज्ज्ञांच्या जाळ्याने आफ्रिकेतल्या सुमारे 20 देशांची माहिती एकत्र केली, तेव्हा सरासरी 36 टक्के हातपंप बंद असल्याचे दिसले. 1974च्या भारतातल्या आकड्यापेक्षा हा आकडा बरा आहे. पण ज्या घरापुढचा पंप बंद आहे, त्या घराला या तुलनेचा काही उपयोग नाही.

मोहक कल्पनेची किंमत

याच काळात दक्षिण आफ्रिकेतून ‘प्लेपंप’ नावाची एक कल्पना पुढे आली. शाळेच्या आवारात गोल फिरणारा पाळणा बसवायचा, मुले त्यावर खेळतील, त्यांच्या फिरण्याने पाणी वर टाकीत चढेल आणि टाकीवरच्या जाहिरातींतून देखभालीचा खर्च निघेल. कल्पना ऐकताच कोणाचेही मन जिंकेल अशीच होती. 2006 साली अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांच्या उपस्थितीत 1 कोटी 64 लाख डॉलरच्या सहाय्याची घोषणा झाली, आणि 2010पर्यंत दहा देशांत 4,000 पंप बसवण्याचे उद्दिष्ट ठरले.

आता वरचाच हिशेब इथे लावून पाहा. 2009 साली ‘गार्डियन’ने तो लावला आणि दाखवून दिले, की एका पंपाने जितक्या लोकांना पाणी देण्याचे सांगितले होते तितके द्यायचे तर मुलांना दिवसाला 27 तास न थांबता खेळावे लागेल. एका पंपाची किंमत सुमारे 14,000 डॉलर होती, म्हणजे साध्या हातपंपाच्या कितीतरी पट. मुले शाळेत असत, दमत, किंवा त्यांना कंटाळा येई, आणि मग मोठ्या बायकांना तो पाळणा हातांनी फिरवावा लागे. काही ठिकाणी चालू हातपंप काढून त्याच जागी हे यंत्र बसवले गेले होते. बिघडल्यावर स्थानिक मेकॅनिकला ते उघडता येत नव्हते, आणि दुर्गम खेड्यातल्या टाकीवर जाहिरात लावायला कंपन्या तयार नव्हत्या. 2010च्या सुमारास हा विस्तार थांबला.

जालना-सोलापूरचा पंप आणि हा पाळणा यांत मला एकच फरक निर्णायक वाटतो. पहिला दुरुस्ती करणाऱ्याच्या त्रासातून जन्मला, दुसरा देणाऱ्याच्या आनंदातून. देणाऱ्याच्या आनंदाला मी कमी लेखत नाही, त्याच्याशिवाय पैसे येत नाहीत. पण वाळवंटाच्या काठावर हसत फिरणाऱ्या मुलांचे छायाचित्र पाहून निर्णय घेतला, तर त्या मुलांच्या आईला रांगेत किती वेळ उभे राहावे लागते हे विचारायचे राहून जाते.

यशाच्या पोटात लपलेले विष

आतापर्यंत आपण बंद पडलेल्या गोष्टींबद्दल बोललो. बांगलादेशात मात्र पंप उत्तम चालत होते. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाच्या जमिनीत पाणी उथळ लागते. सत्तरच्या दशकापासून सरकार आणि युनिसेफ यांनी नळकूपांचा, म्हणजे हातपंप बसवलेल्या बोअरचा, प्रसार केला, कारण तळ्यांच्या दूषित पाण्यामुळे हगवण आणि कॉलऱ्याने लहान मुले मोठ्या संख्येने दगावत होती. नळकूप लोकांना इतके पटले, की पुढे बहुतेक नळकूप कुटुंबांनी स्वतःच्या पैशांनी बसवले. मदतकार्याच्या भाषेत याहून मोठे यश नाही.

1993 साली चापाई नवाबगंज भागातल्या पाण्यात आर्सेनिक सापडले. हे मूलद्रव्य कोणी मिसळलेले नव्हते, हिमालयातून वाहत आलेल्या गाळातच ते होते आणि जमिनीखाली पाण्यात विरघळत होते. पाण्याला रंग, वास, चव काही नाही. त्वचेवर डाग आणि तळहातांवर गाठी यायलाच वर्षे लागतात, आणि कर्करोग त्याहूनही उशिरा दिसतो. शेजारच्या पश्चिम बंगालमध्ये 1983 सालीच डॉ. के. सी. साहा यांनी आर्सेनिकची लक्षणे असलेले रुग्ण ओळखले होते आणि जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती यांनी पुढे सातत्याने हा धोका मांडला होता, पण सीमेपलीकडच्या कार्यक्रमात त्याची दखल उशिरा घेतली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात 2000 साली या घटनेचे वर्णन एखाद्या लोकसमूहाला झालेली इतिहासातली सर्वांत मोठी विषबाधा असे केले गेले. नंतर देशभर जवळजवळ 50 लाख नळकूप तपासले गेले. सुरक्षित नळकूपाचे तोंड हिरवे रंगवले आणि असुरक्षित 14 लाखांच्या आसपास नळकूपांचे लाल.

याचा अर्थ नळकूप बसवणे ही चूक होती, असा काढणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्या पाण्याने हगवणीपासून मुले वाचवली हेही खरे आहे. चूक होती ती एका धोक्याचे उत्तर सापडल्यावर दुसरा धोका शोधणे थांबवण्याची. जंतूंसाठी पाणी तपासले जात होते, खनिजांसाठी नाही. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघाले आणि दात-हाडांचे विकार दिसले, तेव्हा याच प्रश्नाचा आपला चेहरा समोर आला.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडली, तिचा उल्लेख थोडक्यात करतो. हापशाचा बोअर साठ मीटरचा असेल आणि शेजारच्या शेतातल्या विजेच्या पंपाचा दीडशे मीटरचा असेल, तर उन्हाळ्यात कोणाचे पाणी आधी आटेल हे उघड आहे. महाराष्ट्राने 1993 साली कायदा करून सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेण्यास मनाई केली. कागदावर हा नियम नेमका होता, पण गावात कोणी कोणाविरुद्ध तक्रार करायची, या प्रश्नापाशी तो अडत राहिला. मार्चपासून टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत कोरडे पडलेले हापसे आजही उभे आहेत. यंत्र चालू स्थितीत असते, सुटे भाग मिळतात, मेकॅनिकही जवळ असतो, फक्त जमिनीत पाणी नसते.

बंद राहिलेले दिवस मोजणे

गावानेच समिती नेमावी, वर्गणी काढावी आणि पंप सांभाळावा, हे तत्त्व नव्वदच्या दशकापासून जवळजवळ सर्वत्र स्वीकारले गेले. ऐकायला ते लोकशाहीचे वाटते, आणि काही गावांत ते उत्तम चालतेही. पण शहरात राहणारा माणूस आपल्या नळाची वाहिनी फुटली तर शेजाऱ्यांची समिती नेमून, पाना घेऊन रस्ता खणत नाही. तो नगरपालिकेला कळवतो. सर्वांत गरीब माणसाकडूनच सर्वांत जास्त संघटनकौशल्याची अपेक्षा करणे हे मला कधीच पटलेले नाही. समितीकडे जमा झालेले पैसे दोन वर्षे पंप न बिघडल्याने दुसरीकडे खर्च होतात, खजिनदार कामासाठी परगावी जातो, आणि मग पंप बिघडतो तेव्हा पुन्हा वर्गणीपासून सुरुवात करावी लागते.

केनियातल्या किटुई परगण्यात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013च्या सुमारास वेगळा प्रयोग केला. हातपंपाच्या दांड्यात हालचाल टिपणारे एक छोटे उपकरण बसवले. दांडा किती वेळा हलला याची माहिती ते मोबाइलच्या जाळ्यातून पाठवत असे, आणि हालचाल थांबली की मेकॅनिकला कळत असे. तमिळनाडूच्या पोस्टकार्डाचेच हे पुढचे रूप म्हणता येईल. प्रयोगापूर्वी बिघडलेला पंप दुरुस्त व्हायला सरासरी 27 दिवस लागत, प्रयोगाच्या काळात ते तीन दिवसांच्या आत आले. दुरुस्ती वेळेवर होते हा अनुभव आल्यावर लोकांनी नियमित पैसे देण्याची तयारीही दाखवली. पुढे त्यातून ‘फुंडीफिक्स’ नावाची देखभाल करणारी स्थानिक कंपनी उभी राहिली. स्वाहिलीत ‘फुंडी’ म्हणजे कारागीर. ती किटुई आणि क्वाले या दोन परगण्यांत गावांशी करार करते, ठरलेले मासिक शुल्क घेते आणि पंप चालू ठेवण्याची हमी देते.

गावांच्या शुल्कातून कंपनीच्या खर्चाचा काही भागच निघतो. उरलेली रक्कम एका न्यासातून दिली जाते, आणि त्यात देणगीदारांचे पैसे येतात. म्हणजे इथे परदेशी मदत नवा पंप विकत घेत नाही, जुना पंप चालू राहिल्याच्या दिवसांचे पैसे भरते. या खर्चाला उद्घाटन नसते आणि मुदतही नसते, त्यामुळे तो मंजूर करून घेणे अवघड जाते. तिथल्या परगण्यांच्या सरकारांनी त्यातला वाटा आपल्या अंदाजपत्रकातून उचलावा, यासाठी प्रयत्न चालू आहेत.